पाच पौंड जास्तीची हवा

कॉन्टेसा चौऱ्याण्णवची. बॉनेट काढून
दोन विटांवर आडवं ठेवलंय अंगणात,
त्यावर माय उडदाचे पापड वाळवते.
खाटेपेक्षा बरं, म्हणते, पत्रा लवकर तापतो.

सुपरचार्जर निघाला शफीउद्दीनच्या भंगारात,
कुण्या अपघाती मर्सिडीजचा, गोणपाटात गुंडाळलेला.
ॲल्युमिनियमच्या भावाने तोलून दिला त्याने
आणि वर मलाच विचारलं, ये है क्या?
पंप आहे, म्हणालो.
अगदीच खोटं नव्हतं ते.

आत दोन रोटर. बोटाने फिरवले
तर एकमेकांत शिरतात, एकमेकांना शिवत नाहीत;
अबोला असलेले दोन चुलतभाऊ
एकाच पंगतीत वाढत फिरावेत तसे.

ब्रॅकेट तीनदा चुकलं.
पुली तुळजारामने करून दिली, रोलिंग मिलच्या लेथवर,
रात्रपाळीत, फोरमन जेवायला गेल्यावर.
एक दोरा बाहेर होती. बेल्ट चिरकायचा.
पुन्हा लेथ, पुन्हा फोरमनच्या जेवणाची वाट.

कॉम्प्रेशन उतरवायला हेडखाली जाड गॅस्केट हवी.
तांब्याचा पत्रा कात्रीने कापला,
चुलीत लाल केला, बादलीत बुडवला.
लोखंड असं कडक होतं. तांबं मऊ पडतं.
हे मी कुठे शिकलो नाही. घरात होतं,
मिठाचा डबा असतो तसं.

बाप घण मारायचा, माय भाता ओढायची.
बदनापूरचा बाजार, अंबडचा, घनसावंगीचा,
रस्त्याकडेला खड्डा, खड्ड्यात निखारे,
आणि मी तिच्या पाठीवर फडक्यात बांधलेला,
प्रत्येक ओढीला पुढे, प्रत्येक फुंकरीला मागे.
बाप गेला, ऐरण विकली,
तिचा उजवा खांदा अजून खालीच आहे.

काय करायलास रे इतके दिस? तिने विचारलं.
इंजिनला भाता बसवतोय, म्हणालो.
एवढंच. पुढे काही विचारलं नाही तिने.

नवव्या दिवशी नळाला पाणी आलं, त्याच सकाळी
पहिली कळशी रेडिएटरला.
सून बघत राहिली.

चावी दिली. आवाज आला
धारवाल्याच्या चाकाचा, बारीक, वर चढत जाणारा.
मी घड्याळाच्या सुईकडे बघत होतो.
आजवर ती शून्याच्या डावीकडेच राहिलेली,
इंजिन ओढतंय, मागतंय, धापा टाकतंय.
देऊळगाव राजाच्या रस्त्यावर, चढाला, चौथ्या गिअरमध्ये
ती शून्य ओलांडून उजवीकडे गेली.
दोन. साडेतीन. पाच पौंड.
ऊस भरलेला ट्रॅक्टर मागे पडला,
मग एसटी, मग दुसरी एसटी,
आणि मी काहीतरी ओरडलो, काय ते आठवत नाही.

मागच्या सीटवरून माय म्हणाली,
लाह्या फुटायल्यात.

मला ऐकू आलं नव्हतं.
पाय उचलला. खरंच, आत,
तापल्या खापरात ज्वारी टाकावी तसं तडतड.
एवढा वारा नको, म्हणाली,
वारं लय झालं की कोळसा नाही जळत मग,
लोखंड जळतं.

लिंबाखाली गाडी लावली. उघड्या इंजिनवरून
उन्हासारखीच हवा वर येत होती.
डिस्ट्रिब्युटर फडक्याने धरला,
केसभर मागे फिरवला,
घरी गेल्यावर मेन जेट मोठी घालायची,
हे हातावर पेनाने लिहिलं.
ती खाली उतरली, वाकली,
फिरत्या बेल्टपासून वीतभर लांब तळहात धरून उभी राहिली
बराच वेळ.
कोण ओढतंय हे? तिने विचारलं.
तेच इंजिन, म्हणालो. स्वतःचं स्वतः.
म्हणजे दमत असंल की, म्हणाली.

परतताना साठच्या वर गेलो नाही.

आता बॉनेट लागत नाही.
सुपरचार्जर चार बोटं वर येतो,
पत्र्याला भोक पाडावं लागेल.
ग्राइंडर घेऊन अंगणात गेलो
तर माय आडवी आली.
दोन किलो उडीद राहिलाय अजून, म्हणाली,
तेवढा होऊ दे.